मागच्या टायरांचा घेर

३ तारीख, सोमवार

ही डायरी एका टायरवाल्याने गिऱ्हाइकांना फुकट वाटलेली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक टायर छापलाय, त्यामुळे काहीही लिहिलं तरी ते चाकाखाली जाणार असं वाटतं. तरी लिहितो. इथे काहीतरी शिजतंय आणि ते बोलून दाखवायला माझ्याजवळ माणूस नाही.

मी इथे एका दिवसासाठी आलो होतो, शर्यतीच्या ट्रॅकचं कुंपण रंगवायला. त्याआधी बेकरीत होतो, त्याआधी होडीवर तिकिटं फाडायचो, त्याआधी सर्कशीच्या तंबूच्या खुंट्या ठोकायचो. कुठेच मूळ धरलं नाही. शाळेतही नाही, अपूर्णांक आले आणि मी निघालो. कुंपण रंगवून झालं तेव्हा मेस्त्री म्हणाले, "आता कुठे जातोस, शेडमध्ये पड." सकाळी ताईने गाडी धुवायला लावली. तेव्हापासून मी इथेच आहे आणि सगळे मला पाहुणा म्हणतात. मुक्काम टायरांच्या खोलीत. जुनी दोन चाकं आडवी टाकून त्यावर फळी टाकलीय, ती माझी खाट.

मेस्त्री म्हणजे गाडीचे मेकॅनिक. ताई त्यांची मुलगी, ती गाडी चालवते. गाडी मात्र दोघांचीही नाही, शेठची आहे. आज शेठ आले. पँट पांढरी, त्यामुळे कुठेच बसले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "हंगामाच्या तीन शर्यती उरल्यात. त्यातली एक जिंकून दाखव. नाही तर पुढच्या वर्षी गाडी माझा पुतण्या चालवेल."

ताई म्हणाली, "जिंकते."

मेस्त्री पाना पुसत राहिले. पोटच्या पोरीची जागा जातेय आणि बाप पाना पुसतोय. पाना स्वच्छच होता, मी पाहिलं.

५ तारीख, बुधवार

डबक्यात एक बेडूक उलटा पोहताना दिसला. तो मुद्दाम तसा पोहतो की त्याला येतच तसं, हे बघत बसलो आणि चहा चुकला. मग ताई म्हणाली, नुसता बसू नकोस, फीत धर.

शर्यतीच्या गाडीचे मागचे दोन टायर सारखे नसतात, हे मला आज कळलं. मी म्हटलं, ताई, तुला फसवलंय कुणीतरी, हा उजवा मोठा आहे. ती एवढी हसली की तिच्या हातातला कप हलला. मग तोच कागदी कप तिने चहा पिऊन फरशीवर आडवा केला.

"ढकल."

ढकलला. गोल फिरला.

"का फिरला?"

"तोंड मोठं, बूड लहान."

"तसंच. आम्हाला आख्खी शर्यत फक्त डावीकडे वळायचं असतं. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट. उजवं मोठं, डावं लहान, मग गाडी आपणहून वळते. दोघांच्या घेरातला फरक तेवढा बरोबर पाहिजे."

म्हणून शर्यतीच्या सकाळी फीत घेऊन फरक मोजतात. सगळेच मोजतात, शेजारच्या शेडवालेही. फरक, फरक, फरक. इथे माणसं नमस्काराऐवजी फरक विचारतात.

मी विचारलं, दोन्ही टायर मोठे घेतले तर गाडी जास्त पळेल ना? ती म्हणाली, "उलट. मोठं चाक एका फेरीत जास्त जमीन कापतं, म्हणून इंजिनला कमी फिरावं लागतं. आणि आमचं इंजिन कमी फिरलं की मेलं. लहान चाक असलं की इंजिन जास्त फिरतं. बापाबरोबर चालणारं पोर बघ, बाप एक पाऊल टाकतो तोवर त्याची दोन होतात."

इंजिनातून चेन निघते, ती मागच्या दांड्यावरच्या दातेरी चकतीवर जाते. तिला स्प्रॉकेट म्हणतात. भिंतीवर खिळ्यांना अशा चकत्या ओळीने टांगल्यात, प्रत्येकीवर दातांचा आकडा रंगवलेला. गाडीला छप्पन दातांची आहे. मागे दात वाढवले की इंजिन जास्त फिरतं.

"म्हणजे टायर लहान करणं आणि मागचे दात वाढवणं एकच झालं?"

ताई माझ्याकडे बघत राहिली. "पाहुण्या, तू शाळा का सोडलीस रे?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं. शाळेत कुणी कप ढकलायला दिला नव्हता.

९ तारीख, रविवार

ताई सहावी आली.

इंजिन मिनिटाला किती वेळा फिरतं ते दाखवणाऱ्या आरपीएमच्या मीटरला दोन सुया असतात. काळी इंजिनबरोबर वरखाली होते. लाल सुई जिथवर काळी गेली तिथेच अडकून राहते, चहाडखोरासारखी. शर्यत संपली की काचेवरचा चिखल पुसून लाल सुईचा आकडा ओरडून सांगायचा, हे माझं काम. आज आठ हजार आठशे.

ताई हेल्मेट काढून म्हणाली, "बघा! हंगामाच्या सुरुवातीला नऊ हजार दोनशे यायचे. दोनदा दुसरी आले तेव्हा. आता वळणातून बाहेर पडते तर गाडी दमलेली. सगळे माझ्या अंगावरून जातात."

मेस्त्री म्हणाले, "माती ओली आहे."

"सगळ्यांनाच ओली आहे, बाबा."

"साडेनऊ हजाराच्या वर गेलं तर इंजिनातला रॉड तुटतो, ठाऊक आहे ना? कमी आहे ते बरं आहे."

कमी आहे ते बरं! मी लाल सुईकडे बघितलं, लाल सुईने माझ्याकडे बघितलं.

विचार करतोय. गाडीतला दम गेला तो कधी? मी आलो त्या रविवारी ताईची गाडी तिसऱ्या वळणावर दोन चाकांवर उठली होती. लोकांनी टाळ्या पिटल्या. मेस्त्री कुंपणापाशी मटकन खाली बसले. मला वाटलं काही पडलंय, मीही खाली बसून शोधायला लागलो. त्याच्या पुढच्या रविवारपासून गाडी दमली. म्हणजे त्या आठवड्यात कुणीतरी काहीतरी केलं. पण कुणी?

माती ओली कोण करतं? टँकरदादा. ताईचा थोरला भाऊ. गेल्या वर्षी ही गाडी तोच चालवायचा. तिसऱ्या वळणावर उलटला, पाय गेला कामातून, आता लंगडत टँकर चालवतो आणि शर्यतीआधी ट्रॅकवर पाणी मारतो. स्वतःच्या जागेवर धाकटी बहीण बसलेली कुठल्या भावाला बघवेल? मला नक्की वाटतं हा पाणी जास्त मारतो.

१२ तारीख, बुधवार

सकाळपासून पिंपांच्या मागे लपून टँकरदादावर नजर ठेवली. मधे दोन कुत्र्यांची एका बुटावरून मारामारी झाली. एकाला बूट नकोच होता, त्याला फक्त दुसऱ्याला मिळू द्यायचा नव्हता. हे स्पष्ट दिसत होतं, पण दुसऱ्याला कळत नव्हतं. ते संपलं तेव्हा टँकर माझ्या पाठीशी उभा.

"काय रे पाहुण्या, पाळत ठेवतोस होय?"

"नाही दादा, कुत्री बघत होतो."

"मग बस वर. इथून बरी दिसतात."

टँकरमधून एक फेरी मारली. आतल्या कडेला तो नळ अर्धा बंद करतो. का, विचारलं. "तिथे माती जरा कोरडी राहिली की तिला पकड मिळते. तिला तीच रेघ आवडते. बोलू नकोस कुठे, बाकीचे बोंबलतील."

म्हणजे हा तिच्या बाजूचा निघाला. माझा आख्खा संशय पाण्यात. मी विचारलं, मग गाडी का दमते? दादाने शेडकडे बघितलं. म्हणाला, "ते बाबांना विचार. मी विचारू शकत नाही."

"का?"

"माझ्या पायाकडे बघत बोलतात रे ते. तोंडाकडे बघतच नाहीत."

ह्याचा टायरांशी काय संबंध ते कळलं नाही. पण 'बाबांना विचार' हे बरोबर लक्षात ठेवलं.

१३ तारीख, गुरुवार

सापडलं!

निळी गाडी आमची सगळ्यात मोठी वैरीण. तिचा एक टायरवाला आहे, मिशा ताठ, पावलांचा आवाज नाही. मी त्याचं नाव बोका ठेवलंय. आज दुपारी मेस्त्री आणि बोका निळ्या शेडच्या मागे. मेस्त्रींनी त्याच्यापुढे हात जोडले. बोका मान हलवत होता, मग त्याने मेस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. सौदा पक्का. आणि नंतर मेस्त्री हातगाडीवर दोन टायर घालून घेऊन आले. निळ्या गाडीने टाकलेले!

"हे कशाला?" मी.

"आधी घेतले ते फाटायला आलेत. आहेत तसेच मिळाले."

आधी घेतले ते! म्हणजे हा व्यवहार जुना आहे. वैऱ्याच्या उकिरड्यावरून टायर आणायचे आणि पोरीच्या गाडीला लावायचे. का? हरण्याची बक्षिसी, दुसरं काय.

संध्याकाळी मेस्त्रींनी स्वतः टायर चढवले, मला हातही लावू दिला नाही. मग ताईला बोलावून तिच्यासमोर फीत लावली. "बघ. फरक बरोबर आहे ना?" तिने बघितलं, बरोबर होता. ती खूश. डबा घेऊन आलेल्या काकू, म्हणजे मेस्त्रींच्या बायको, दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही टायरांचं एवढं बघता, तसं पोरीच्या तोंडाकडे पण बघा जरा. वाळलीय."

मेस्त्री म्हणाले, "वाळलेली चालेल मला."

कसला माणूस आहे हा!

१६ तारीख, रविवार

पाचवी. लाल सुई आठ हजार आठशे. निळी गाडी पहिली. बोका लांबून मेस्त्रींकडे बघत होता आणि मेस्त्री मातीकडे.

शेठ म्हणाले, "आता एकच उरली," आणि पँट सांभाळत गेले.

हे पुढचं लिहू की नको असं झालंय. मी टायरांच्या खोलीत होतो, मधला पत्रा पातळ आहे. ताई बापाला म्हणाली, "बाबा, खरं सांगा. गाडी ठीक आहे, फरक ठीक आहे, इंजिन तुम्ही बांधलंय. मग राहिलं कोण? मीच ना? माझ्यात दम नाही का हो?"

मी कान लावला. पलीकडे पान्यांच्या पेटीचं झाकण वाजलं.

"पहिल्या दोन वेळा चुकून दुसरी आले असेन. दादाच्या नखाची सर नाही मला. असंच ना? तुम्ही म्हणालात तर मी स्वतःच सोडते."

तरी गप्प. एक 'नाही' म्हणायला काय जात होतं त्या माणसाचं? बोक्याकडून घेतलेलं तोंडात अडकलं असेल.

१७ तारीख, सोमवार

मेस्त्री जेवले नाहीत. काकूंनी आणलेला डबा तसाच परत. चोराच्या मनात चांदणं.

१९ तारीख, बुधवार

खाटेवर लोळत होतो. म्हणजे जुन्या चाकांवर. ही ताईच्या गाडीची हंगामाच्या सुरुवातीची मागची चाकं. मेस्त्री म्हणाले होते झिजलीत. बोटाने चाचपून बघितलं, टायरच्या गाठी कडक, कडा धारदार. कसली झिजलीत! ह्यावर मी झोपतो आणि ती बिचारी बोक्याच्या टायरांवर पळते.

मेस्त्री नळाचं काहीतरी आणायला बाहेर गेले होते. दोरी घेतली. जुन्या उजव्या टायरला गुंडाळली, गाठ मारली. मग तीच दोरी गाडीच्या उजव्या टायरला लावली.

पुरली नाही. पाच बोटं कमी पडली.

डाव्याला तसंच करून पाहिलं. तिथेही पाच बोटं.

फरक बरोबरच होता! उजव्यात पाच वाढवली, डाव्यात पाच वाढवली, तर दोघांतला फरक जिथल्या तिथे. फीत खोटं बोलत नव्हती, तिला विचारलंच चुकीचं होतं. ट्रॅकवरचे सगळे फरक मोजतात, आख्खा टायर कुणी मोजतच नाही. हे फक्त आयुष्यभर फीत लावणाऱ्या मेस्त्रींनाच सुचेल. दोन्ही टायर मोठे, इंजिन कमी फिरतंय, वळणातून निघताना त्याला दम मिळत नाही, आणि ताई म्हणते माझ्यात दम नाही!

ताईला सांगू? काय सांगू? बेकरीतून पळालेला, सर्कशीतून पळालेला पाहुणा म्हणतोय की तुझा बाप विकला गेलाय. ती पाना फेकून मारेल. आणि खरं मानलं तर अजून वाईट. शर्यत तोंडावर आणि बाप असा.

मेस्त्रींना विचारू? म्हणजे चोरालाच विचारायचं, दार कुठून उघडतं. सावध होऊन तो दुसरंच काही करेल. दोन्हीपेक्षा गप्प बसून डाव उलटवलेला बरा.

टायर लहान करणं आणि मागचे दात वाढवणं एकच. टायर बदलले तर मेस्त्रींना लगेच दिसेल. दात कोण मोजतंय?

२१ तारीख, शुक्रवार

सगळे जेवायला गेल्यावर काम उरकलं.

आधी हिशोब. एका दाताला टायरच्या घेराची साधारण दोन बोटं पडतात, हे दोरी आणि खडूने बघितलं. पाच बोटांना अडीच दात. अडीच दातांची चकती नसते. तर दोन की तीन? अपूर्णांकाने इथेही गाठलं मला. शेवटी म्हटलं कमीपेक्षा जास्त बरं, आणि एकोणसाठवाली खाली काढली.

चेनवरचं झाकण काढून छप्पनवाली सोडवली, एकोणसाठवाली बसवली, चेन फार ताणली गेली म्हणून मागचा दांडा थोडा पुढे घेतला. झाकण लावलं. छप्पनवाली एकोणसाठच्या खिळ्याला टांगली, आकडा भिंतीकडे करून. ताई काम करते ते बघून बघून हात बसलाय. एवढं नीट काम मी आयुष्यात केलेलं नाही, आणि कुणाला दाखवताही येत नाही.

जेवायला गेलो तर काकूंनी विचारलं, हात एवढे काळे? म्हटलं, साबण संपला. मेस्त्रींनी माझ्या हातांकडे बघितलं. घास तोंडाशी नेऊन परत ताटात ठेवला. ह्यांना माझा संशय आला की काय?

२३ तारीख, रविवार



सकाळी मेस्त्री म्हणाले, "पाहुण्या, गेटजवळच्या टपरीवरून ताईच्या हेल्मेटच्या काचेला लावायच्या पट्ट्या घेऊन ये. सावकाश ये." सावकाश ये असं ह्या माणसाने कधी म्हटलेलं नाही. मला तिथेच उमजायला हवं होतं. पण गेटवर लाउडस्पीकरवाला खांबावर चढलेला. त्याच्या भोंग्यात चिमणीने घरटं केलेलं, आतमध्ये पिल्लं. तो म्हणाला आवाज सोडला तर मरतील. मग आम्ही दोघांनी ते घरटं अलगद काढून पत्र्याच्या वळचणीला बसवलं. चिमणी आमच्या डोक्यावर ओरडत होती. परत आलो तेव्हा गाड्या रांगेत लागल्या होत्या. पट्ट्या ताईच्या हातात दिल्या. गाडीकडे धड बघितलंसुद्धा नाही.

आणि मग ती सुटली.

दुसऱ्या फेरीलाच ताई पुढे. वळणातून बाहेर पडली की गाडी अशी उडी घ्यायची की निळी गाडी मागे उभी असल्यासारखी वाटायची. लोक उठून उभे राहिले. टँकरदादा टँकरच्या टपावर चढला होता, एका पायावर. काकू कुणाचा तरी हात धरून ओरडत होत्या, तो हात कुणाचा हे त्यांनाही माहीत नव्हतं. मी मनात म्हणत होतो, माझे दात, माझे दात पळतायत.

इंजिनचा आवाज मात्र वर, वर, आणखी वर जात होता. किंचाळतच होतं. मला वाटलं आनंदाने.

मेस्त्रींकडे बघितलं. म्हटलं, आता पडला असेल चेहरा, सौदा फिसकटला. चेहरा पडलाच होता. पांढरा फटक. ते कुंपणाला लटकून दोन्ही हातांनी खूण करत होते, हळू, हळू, सोड. "एवढं कसं फिरतंय? एवढं कसं फिरतंय?" असं पुटपुटत होते. ताईने बघितलं की नाही कोण जाणे. पुढे असलेला माणूस कुंपणाकडे कशाला बघेल?

सरळ पट्टीच्या टोकाला, तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी, बार झाला. धूर. मागची चाकं जागच्या जागी जाम झाली, गाडी भिंगरीसारखी फिरली आणि पाठमोरी जाऊन टायरांच्या भिंतीत घुसली.

मेस्त्रींनी कुंपण ओलांडलं. ह्या वयात. कसं ओलांडलं ते मला अजून सांगता येत नाही. बाकीच्या गाड्या अजून थांबल्या नव्हत्या आणि हा माणूस मधून धावतोय. ताई आपली आपण बाहेर आली, हेल्मेट काढलं, उभी राहिली. मेस्त्री तिच्यापर्यंत पोचले आणि तिला हात लावायचा सोडून तिच्या पायांशी बसले. तिचे दोन्ही गुडघे, पोटऱ्या, घोटे चाचपत राहिले. ती म्हणत होती, "बाबा, उठा, लोक बघतायत."

रॉड इंजिन फोडून बाहेर आला होता. मी चिखल पुसला. लाल सुई नऊ हजार सातशे. ह्या वेळी आकडा ओरडलो नाही.

एवढं कसं? दात वाढवून मी फक्त बरोबरीला आणलं होतं. फार तर थोडं वर.

शेडमध्ये परत आलो. टायरांच्या खोलीत माझी फळी जमिनीवर पडलेली. खालची चाकं नाहीत. शेजारी बोक्याचे दोन टायर भिंतीला टेकवून ठेवलेले.

मेस्त्रींनी सकाळी जुनी चाकं लावली होती. लहान. बरोबरवाली. स्वतःहून.

२४ तारीख, सोमवार

शेठ आले आणि गेले. म्हणाले, "पळाली छान, मी नाही म्हणत नाही. पण पुतण्या निदान गाडी घरी आणतो." संपलं. दोन वाक्यांत.

मग मेस्त्रींनी चेनवरचं झाकण उघडलं. दात मोजले. खडूने खूण करून परत मोजले. म्हणाले, "एकोणसाठ."

ताई जवळ आली. "छप्पन असायला हवेत."

"हो."

"शेडची किल्ली आपल्याशिवाय कुणाकडे नाही."

मी तिथेच उभा होतो, हातात झाडू. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि पाहुण्याने आजवर कधी पाना हातात धरलेला नाही." मग बापाकडे वळली. तिची नजर मला ओळखीची वाटली. तीन आठवडे मी ह्याच नजरेने सगळ्यांकडे बघतोय. दुसऱ्याच्या डोळ्यांत ती फार वाईट दिसते.

"बाबा, तुम्ही केलंत?"

मेस्त्रींनी मान खाली घातली. "हो. मीच."

"का?"

"तू त्या दिवशी दोन चाकांवर उठलीस. तिथेच. जिथे तो… मग मी निळ्यावाल्यांपुढे हात जोडून त्यांनी टाकलेले मोठे टायर आणले, दोन्हीकडे सारखीच वाढ. म्हटलं जरा मागे राहील, पण पायावर चालत घरी येईल. तू विचारलंस ना माझ्यात दम नाही का, तेव्हापासून घास गिळवेना. काल परत बदलले."

"टायर? मी दातांचं विचारतेय."

"दात मी नाही…"

"दात मी," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू झाडूच बोलला. मग सगळं सांगितलं. बोका, दोरी, पाच बोटं, जेवणाची सुट्टी. बोक्याकडून त्यांनी काय घेतलं असेल असं मला वाटलं होतं, तेही सांगितलं. मेस्त्री माझ्यावर ओरडतील असं वाटलं. ते नुसते ऐकत होते आणि मधेच म्हणाले, "चेन बरोबर ताणली होतीस."

ताईने चकतीवरची खडूची खूण अंगठ्याने पुसली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही मला मागे ओढत होतात, आणि हा मला पुढे ढकलत होता. दोघांनाही माझीच काळजी. गाडी मी चालवते. आणि गाडीला काय लावलंय ते मला सोडून सगळ्यांना माहीत."

"पोरी…"

"मी महिनाभर आरशात बघून स्वतःला शिव्या दिल्यात, बाबा."



२५ तारीख, मंगळवार

ताई सकाळी एकटी आली. गाडीतली बैठक सोडवली. गाडी शेठची असली तरी बैठक तिची, तिच्या अंगाच्या मापाने काकूंनी शिवलेली. चारही बोल्ट तिने स्वतः काढले. मी पाना द्यायला पुढे झालो तर म्हणाली, "ठेव खाली. मी उचलते."

दारात बोका आला. मला वाटलं हसायला आला. तो म्हणाला, "मालकांनी विचारलंय. इंजिन फुटायच्या आधीपर्यंत तू जे केलंस, ते आमच्या जुन्या गाडीत करून दाखवशील का? नुसतं बघायला. हो-नाहीचं वचन नाही."

ताईने विचारलं, "मागचे टायर कोण मोजतं तुमच्यात?"

"मी."

"आजपासून मी मोजणार. दोन्ही, आख्खे. आणि दात पण."

बोक्याने मिशी चोळली. "मोज बाई."

तिने बैठक खांद्यावर टाकली. मेस्त्री उठले तशी म्हणाली, "तुम्ही नाही." मीही अर्धा उठलो होतो. "तू तर नाहीच."

ती गेली. आम्ही दोघं शेडच्या पायरीवर. मला वाटलं, आता उठून पिशवी भरावी, अशा वेळी मी नेहमी तेच करतो. पण मेस्त्री एकटेच राहिले असते. पलीकडे निळ्या शेडमध्ये इंजिन सुरू झालं, थोडं फिरवून बंद केलं. परत सुरू केलं.

मेस्त्री कान देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "तीन का घातलेस?"

"अडीच येत होते. म्हटलं कमीपेक्षा जास्त बरं."

"दोन घातले असतेस तर रॉड टिकला असता."

"मेस्त्री, तुम्ही मला सांगितलं असतंत की टायर बदलताय…"

"तू मला विचारलं असतंस…"

पलीकडचं इंजिन ट्रॅकवर आलं. पहिल्या वळणातून आवाज वर चढत गेला, सरळ पट्टीवर आला. आम्ही दोघंही आकडा अंदाजत होतो.

"नऊ हजार," मी म्हटलं.

"नऊ हजार दोनशे," मेस्त्री म्हणाले, आणि तिसऱ्या वळणाकडे तोंड करून बसले.